अडतीस वर्षांचा 'नवा' खेळाडू

मुलांनो, मागच्या आठवड्यात ऑफसाइडच्या नियमावरून तुम्ही मला चांगलंच दमवलंत. आज नियम नकोत, आकृत्या नकोत. आज तुम्ही एका फुटबॉल क्लबच्या मालकाच्या खुर्चीत बसायचं आणि एक निर्णय घ्यायचा. गोष्ट खरी आहे. तारखांसकट खरी.

तर तारीख २२ डिसेंबर २०१९. देश इटली. आतालान्ता नावाच्या संघाने एसी मिलानचा ५-० असा फडशा पाडला. आता मिलान म्हणजे काही ऐरागैरा क्लब नव्हे, बरं का! युरोपातल्या क्लबांचा सगळ्यांत मोठा चषक त्यांनी सात वेळा जिंकलेला. पण त्या दिवशी वीस संघांच्या इटालियन लीगमध्ये हा क्लब होता अकराव्या नंबरवर. २०११ नंतर लीगचं विजेतेपद नाही. २०१४ नंतर चॅम्पियन्स लीगमध्ये पाऊल नाही. कमाईपेक्षा जास्त खर्च केला म्हणून त्या वर्षी युरोपातल्या दुसऱ्या स्पर्धेतूनही त्यांना बाहेर ठेवलेलं. मोसम सुरू होऊन दोन महिने होतात न होतात तोच प्रशिक्षक बदललेला. स्टेफानो पिओली हे नवे प्रशिक्षक येऊन जेमतेम अडीच महिने झालेले.

संघ नव्याने बांधायला काढला होता. आणि पोरं होती गुणी. गोलकीपर दोन्नारुम्मा वीस वर्षांचा. पुढच्या फळीतला पोर्तुगालचा राफाएल लेआओ, तोही वीस. थेओ हर्नांडेझ आणि बेनासेर बावीसचे. पण पहिला गोल खाल्ला, की सगळे माना खाली घालून एकमेकांकडे बघायचे. वर्गात अचानक साहेब तपासणीला आले की तुम्ही बघता ना, तस्संच.

आता तुमच्यासमोर एक नाव येतं. झ्लाटान इब्राहिमोविच. स्वीडनचा. उंची सहा फूट पाच इंच. लहानपणी तायक्वांदो शिकलेला, त्यामुळे डोक्याच्या उंचीवरचा चेंडू पायाने मारणारा. बोलण्यात असा, की स्वतःची स्तुती करायला दुसऱ्या कुणाची वाट बघत नाही. २०१० ते २०१२ अशी दोन वर्षं तो मिलानकडूनच खेळला होता आणि २०११ चं ते शेवटचं विजेतेपद त्याच्या गोलांच्या जोरावर आलेलं. मग तो गेला पॅरिसला, तिथून इंग्लंडला, तिथून अमेरिकेत लॉस एंजेलिसला. तिथला करार संपला होता. म्हणजे दुसऱ्या क्लबला पैसे न देता तो मिळणार होता. पगार मात्र भरभक्कम द्यावा लागणार.

अडचण एकच. वय अडतीस. शिवाय २०१७ च्या एप्रिलमध्ये उजव्या गुडघ्याचा बंध तुटलेला, त्याची मोठी शस्त्रक्रिया झालेली.

घ्यायचा की नाही? पुढे वाचायच्या आधी कागदाच्या कपट्यावर 'हो' किंवा 'नाही' लिहा आणि घडी घालून ठेवा. फसवाफसवी नको.

हाच खेळ मी आमच्या पाचवीच्या वर्गात घेतला. आम्ही कोल्हापूरकर. आमच्याकडे पेठेपेठेत तालमीचे संघ आहेत, आणि शाहू स्टेडियमवर सामना असला की दुसऱ्या दिवशी अर्धा वर्ग घसा बसलेला असतो. त्यामुळे फुटबॉलवर मतं मागायला मला फार खटपट करावी लागत नाही. मत आवरायलाच खटपट करावी लागते.

"अडतीस? बाई, त्यो म्हातारा झालाय की!" मागच्या बाकावरून आवाज आला.

मी छत्तीस वर्षांची. मी काहीच बोलले नाही. फळ्याकडे तोंड केलं आणि दोन रकाने आखले.

चिठ्ठ्या उघडल्या तेव्हा 'नाही' खूपच जास्त निघाले. कारणंही चांगली होती. कुणी म्हणालं, त्याच्या पगारात दोन तरुण येतील. कुणी म्हणालं, दुखापत झाली की पैसे पाण्यात. पण सगळ्यांत चांगला प्रश्न विचारला तो आमच्या शाळेच्या संघातल्या राखीव गोलकीपरने. हा मुलगा दोन वर्षं संघात आहे आणि दोन वर्षांत मिळून एक सामना खेळलाय, तोही पहिला गोलकीपर गावाला गेला म्हणून. तो उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, तो आत आला तर बाहेर कोण बसणार?"

हा प्रश्न मोठमोठी माणसंही विसरतात. मी तो फळ्यावर लिहून ठेवला. त्याच्याकडे आपण परत येऊ.

त्याआधी थोडं मागे जाऊ या, कारण या क्लबची एक जुनी जखम तुम्हांला माहीत हवी.

२०११ साली मिलान विजेता होता. त्यांच्याकडे आंद्रेआ पिर्लो नावाचा मधल्या फळीतला खेळाडू होता. दहा वर्षं तिथे काढलेली. हा माणूस फार पळायचा नाही, कुणाला धडकायचा नाही. उभ्या उभ्या मान वर करायचा आणि चाळीस-पन्नास यार्डांवरच्या सोबत्याच्या पायात अलगद चेंडू टाकायचा. त्याचं वय झालं ३२, करार संपत आला आणि त्या मोसमात तो दुखापतींनी बराच काळ बाहेरही होता. क्लबचं धोरण ठरलेलं होतं, की तिशी ओलांडलेल्यांना एकेकच वर्षाचा करार द्यायचा. पिर्लोला हवी होती तीन वर्षं. झालं, जमलं नाही. पिर्लोने आपल्या आत्मचरित्रात सांगितलंय, की निरोप देताना क्लबच्या प्रमुखांनी त्याला एक महागडं पेन भेट दिलं. नव्या करारावर सही करायला!

नवा करार कुणी दिला? युव्हेंटसने. तेव्हा युव्हेंटसची अवस्था बिकट होती, लागोपाठ दोन वर्षं सातवा नंबर. म्हणजे तोही संघ नव्याने बांधायला काढलेला. नवे प्रशिक्षक, नवं स्टेडियम, नवे खेळाडू आणि त्यांच्या मधोमध हा बत्तीस वर्षांचा पिर्लो. पहिल्याच वर्षी, २०११-१२ मध्ये, युव्हेंटस लीगमध्ये एकही सामना न हरता विजेता झाला. पिर्लो तिथे चार वर्षं खेळला आणि चारही वर्षं लीग त्यांनीच जिंकली. आता हे सगळं एकट्या पिर्लोमुळे झालं असं म्हटलं तर प्रशिक्षक आन्तोनिओ काँते रागावतील, आणि त्यांचं बरोबरच असेल. पण मिलानने फुकट सोडलेला माणूस प्रतिस्पर्ध्याच्या संघाच्या मध्यभागी जाऊन बसला, एवढं खरं.

आणि मिलानने पुढच्या वर्षी काय करावं? २०१२ च्या एकाच उन्हाळ्यात नेस्ता गेला, गात्तुसो गेला, सेडॉर्फ गेला, इन्झागी थांबला. थिआगो सिल्वा आणि आपला इब्राहिमोविच यांना पॅरिसला विकून टाकलं. सगळे जुने एकदम! त्यांतले काही खरोखरच थकले होते, हे मी नाकारत नाही. पण जरा विचार करा. उद्या आमच्या शाळेतल्या सगळ्या जुन्या शिक्षकांची एकाच दिवशी बदली झाली आणि आम्ही नुकतेच डी.एड. झालेलेच उरलो, तर कपाटाच्या किल्ल्या कुठे असतात हेसुद्धा कुणाला माहीत नसेल. माझी नेमणूक झाली तेव्हा पहिल्या महिन्यात मला हजेरीपटाची बेरीज जुळवता येत नव्हती. शेजारच्या वर्गातल्या बाईंनी मधल्या सुट्टीत शिकवली. कॉलेजात ते कुणी शिकवलं नव्हतं.

मिलानला २०११ नंतर अकरा वर्षं लीग जिंकता आली नाही.

पण थांबा. इतकं ऐकून आमचा वर्ग एकदम उलटा फिरला. "मग घ्या की त्याला!" असा गलका झाला. म्हणून मला लगेच दुसरी गोष्ट सांगावी लागली, तीही याच इब्राहिमोविचची.

२०१६ मध्ये तो मँचेस्टर युनायटेडला गेला. वय ३४. पहिल्या मोसमात २८ गोल! मग एप्रिलमध्ये तो गुडघा गेला. जूनमध्ये करार संपला आणि क्लबने त्याला मोकळं केलं. पण ऑगस्ट २०१७ मध्ये त्याच क्लबने त्याला पुन्हा वर्षभरासाठी घेतलं. सगळ्यांना वाटलं, वा, मोठं मन! झालं काय? नोव्हेंबरमध्ये तो मैदानावर परतला, एकूण सात सामने खेळला, गोल केला एक, आणि मार्चमध्ये अमेरिकेला निघून गेला. कारण सरळ होतं. गुडघा पुरता सावरला नव्हता, आणि त्याच उन्हाळ्यात क्लबने गोल मारण्याच्या कामासाठी रोमेलू लुकाकू हा चोवीस वर्षांचा गडी मोठी किंमत मोजून आणला होता. म्हणजे इब्राहिमोविच परत आला, पण त्याच्यासाठी काम शिल्लकच नव्हतं.

एकच माणूस. एकदा परत घेणं फसलं. मग २०१९ मध्ये मिलानने काय करावं?

मिलानने त्याला घेतलं. २७ डिसेंबरला जाहीर केलं. पण कसं घेतलं ते बघा, कारण शहाणपण तिथे आहे. करार फक्त सहा महिन्यांचा. पुढचं वर्ष नंतर, अटी पूर्ण झाल्या तर. क्लबच्या वतीने ही बोलणी करणाऱ्यांत पाओलो माल्दिनी होते. माल्दिनी म्हणजे मिलानचे जुने कर्णधार, जे स्वतः वयाची चाळिशी उलटून गेल्यावरही याच क्लबच्या बचावफळीत खेळत होते! चाळिशीतलं शरीर काय देऊ शकतं आणि काय देऊ शकत नाही, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

पहिल्या सामन्यात तो बदली खेळाडू म्हणून आला. ०-०. मग ११ जानेवारी २०२०, काल्यारीविरुद्ध. पुढच्या फळीत दोघं जण, वीस वर्षांचा लेआओ आणि अडतीस वर्षांचा इब्राहिमोविच. एक गोल लेआओचा, एक इब्राहिमोविचचा. २-० ने जिंकले. फेब्रुवारीत इंटरविरुद्धच्या सामन्यात मात्र त्याने स्वतः गोल करून, दुसऱ्याला करायला लावूनही मिलान २-० वरून ४-२ असं हरलं. तेव्हा जादूची कांडी वगैरे काही नव्हती, बरं का.

त्या अर्ध्या मोसमात त्याने लीगचे १८ सामने खेळून १० गोल केले. कोरोनामुळे मध्ये सगळं बंद पडलं होतं. परत सुरू झाल्यावर उरलेल्या बारा सामन्यांत मिलान एकदाही हरलं नाही. अकराव्या नंबरचा संघ सहावा आला.

क्लबने आणखी एक वर्ष दिलं. आता तो ३९ चा होणार होता. ऑक्टोबरमध्ये कोरोनातून उठून आला आणि त्याच इंटरविरुद्ध दोन गोल मारून २-१ ने सामना जिंकून दिला. नोव्हेंबरमध्ये नापोलीविरुद्ध पुन्हा दोन गोल मारले, आणि त्याच सामन्यात मांडीचा स्नायू दुखावून बाहेर गेला.

इथे मला तुमचं नीट लक्ष हवंय. कारण या गोष्टीतला माझा सगळ्यांत आवडता भाग हा आहे, आणि त्यात इब्राहिमोविच मैदानावर नाहीच!

तो बाहेर बसला तरी मिलान हरेना. २० डिसेंबर २०२०, सास्सुओलोविरुद्ध सामना. शिटी वाजली, चेंडू मध्यरेषेवरून निघाला, दोन पास झाले आणि लेआओने गोल मारला. किती वेळात? ६.७६ सेकंद! 'भारत माझा देश आहे' हे वाक्य दोनदा म्हणून होईपर्यंत गोल झालेला. इटालियन लीगच्या इतिहासातला तो सगळ्यांत जलद गोल ठरला. मार्चपासून जानेवारी २०२१ पर्यंत मिलान लीगमध्ये सलग २७ सामने अपराजित राहिलं, आणि त्यांतले कितीतरी सामने इब्राहिमोविचशिवाय होते. त्या मोसमात तो १९ सामनेच खेळला, गोल १५. मिलान दुसरं आलं. चॅम्पियन्स लीगचं दार पुन्हा उघडलं.

माझं मत असं, की म्हाताऱ्या खेळाडूला घेतलं ते बरोबर होतं की चूक, हे तो खेळत असताना कळत नाही. तो दुखापतीने घरी बसतो तेव्हा कळतं. पोरं माना खाली घालतात की वर ठेवतात? मिलानच्या पोरांनी वर ठेवल्या. ती त्यांच्याकडून कशी शिकली? इब्राहिमोविच सरावात चुकीचा पास दिला तर ओरडायचा, हे जगजाहीर आहे. ओरडून सगळे शिकतात असं मात्र मला वाटत नाही. माझ्या वर्गात तर नाहीच शिकत. पण चाळिशीला टेकलेला माणूस रोज सगळ्यांच्या बरोबरीने घाम गाळताना दिसला, तर वीस वर्षांच्या पोराला आळस करायला लाज वाटते, हे मला पटतं.

आमच्या वर्गातल्या एका मुलीने हे फार छान सांगितलं. तिचे वडील गवंडीकाम करतात. जुना वाडा पाडून नवं घर बांधायचं असलं, की जुन्या सागवानी तुळया ते ठोकून बघतात. वाळवी नसली, आवाज भरीव आला, तर ठेवून घेतात. "पण बाई, नवा स्लॅब तिच्यावर नाही ठेवत," ती म्हणाली. "नवे खांब वाळेपर्यंत आधाराला लावतात." मी तिला म्हटलं, हे तुझं वाक्य मी छापणार आहे. ती लाजली. छापलं बघ गं!

आता गोलकीपरच्या प्रश्नाकडे येऊ. बाहेर कोण बसलं?

नाव सांगते. क्रिस्टॉफ प्योंतेक, पोलंडचा, चोवीस वर्षांचा. वर्षभरापूर्वीच मोठ्या किमतीला आणलेला, पाठीवर ९ नंबर. २०१९ च्या त्या मोसमात त्याचे गोल आटले होते. इब्राहिमोविच आला आणि महिन्याभरात, जानेवारी संपता संपता, प्योंतेकला जर्मनीतल्या हेर्था बर्लिनला विकलं गेलं. आणखी सहा महिने भरवसा ठेवला असता तर तो सावरला असता का? ते आता कुणालाच सांगता येणार नाही. ज्याला संधी मिळाली नाही त्याच्या गोलांची मोजणी कुठल्याच वहीत नसते. मी हे वर्गात सांगितलं तेव्हा गोलकीपर काही बोलला नाही, नुसती मान हलवली.

म्हणजे निर्णय बरोबर असला तरी त्याची किंमत कुणीतरी भरतंच. तुम्ही मालकाच्या खुर्चीत बसलाय ना, मग हेही तुमच्याच वहीत लिहावं लागेल.

पुढचं भराभर सांगते. एप्रिल २०२१ मध्ये तिसऱ्यांदा करार केला. या वेळी क्लबने शहाणपणा केला, त्याच्यावर सगळा भार टाकला नाही. त्याच उन्हाळ्यात फ्रान्सचा ऑलिव्हिए जिरू आणला. गंमत बघा, तोही ३४ वर्षांचा! इब्राहिमोविच २३ सामने खेळला, बरेचसे थोडा थोडा वेळ, ८ गोल. जिरूचे ११. आणि लेआओ तर मोसमातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. २२ मे २०२२. शेवटचा सामना, पुन्हा सास्सुओलोविरुद्ध. मिलान ३-० ने जिंकलं. दोन गोल जिरूचे, एक केसीएचा, आणि तिन्ही गोलांचे पास लेआओचे. मिलान ८६ गुण, इंटर ८४. अकरा वर्षांनी विजेतेपद!

तीनच दिवसांनी इब्राहिमोविचच्या डाव्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली. नंतर त्याने स्वतःच जगाला सांगितलं, की गेले सहा महिने त्या गुडघ्यातला मुख्य बंध तुटलेलाच होता. गुडघा सुजायचा, आठवड्याला एकदा त्यातलं पाणी काढावं लागायचं, वीसहून जास्त इंजेक्शनं घेतली, रात्री झोप लागायची नाही. आणि हे सगळं सोबत्यांना दिलेला विजेतेपदाचा शब्द खरा करण्यासाठी.

पालकहो, इथे एक शब्द तुमच्याशी. हे वाचून मुलांना 'बघ, असं झुंजावं' असं कृपा करून सांगू नका. चाळीस वर्षांच्या व्यावसायिक खेळाडूने, डॉक्टर शेजारी असताना, स्वतःच्या मर्जीने केलेली ती गोष्ट आहे. दहा वर्षांच्या मुलाचा गुडघा सुजला तर त्याला घरी बसवायचं. मुलांनो, तुम्हीही ऐकलंत ना? दुखतंय ते लपवून सामना खेळायचा नाही. मागच्या वर्षी आमच्या एकाने लपवलं होतं आणि दीड महिना प्लास्टरात होता.

आता शेवटचा निर्णय. हा सगळ्यांत अवघड.

जुलै २०२२. इब्राहिमोविचचा करार संपलेला. ऑक्टोबरमध्ये तो ४१ चा होणार. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी सात-आठ महिने मैदानाबाहेर राहायला सांगितलेलं. म्हणजे जवळजवळ अर्धा-पाऊण मोसम तो खेळणारच नाही. पण विजेतेपदासाठी त्याने गुडघा पणाला लावलेला. तो म्हणतो, मला आणखी खेळायचंय. पगार खूप कमी घ्यायलाही तयार आहे, अशा बातम्या होत्या.

घ्यायचं की हात जोडून निरोप द्यायचा?

मिलानने चौथ्यांदा सही केली. पुढे काय झालं, ते आकड्यांत सांगते. त्या मोसमात लीगचे चार सामने, एक गोल. तो एक गोल १८ मार्च २०२३ ला उदिनेसेविरुद्ध पेनल्टीवर आला. त्याने तो इटालियन लीगमध्ये गोल करणारा सगळ्यांत वयस्कर खेळाडू ठरला. सामना मात्र मिलान ३-१ ने हरलं. नंतर पोटरी दुखावली. ४ जून २०२३ ला सान सिरो स्टेडियमवर, मोसमाचा शेवटचा सामना संपल्यावर, त्याने आपण थांबत असल्याचं सांगितलं. त्या सामन्यात तो खेळलासुद्धा नव्हता. स्वतःला सिंह म्हणवणारा हा माणूस तेव्हा सगळ्यांसमोर रडला.

माझं मत विचाराल तर पहिल्या तीन करारांना माझी सही मोकळ्या मनाने. चौथ्याला? फुटबॉलचा हिशेब केला तर नाही. लेआओ आता तेवीस वर्षांचा होता, मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू होता. त्याला आधाराच्या तुळईची गरज उरली नव्हती. घेतलेली जागा चाळीस-एकेचाळीसच्या माणसाला देण्याऐवजी सतरा-अठराच्या पोराला दिली असती, तर ते पोर निदान बाकावर तरी बसलं असतं. पण मी ती सही केली नसती, असंही मला छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही. माणूस शस्त्रक्रियेच्या खाटेवर आहे, कशामुळे आहे ते आपल्याला माहीत आहे, आणि आपण त्याला पेन भेट द्यायचं?

म्हणून मी वर्गात शेवटची चिठ्ठी फक्त चौथ्या कराराची घेतली, आणि खाली कारण लिहायला सांगितलं. पट एकेचाळीसचा, त्या दिवशी हजर अडतीस. (हो, अडतीसच. हसू नका.) 'हो' निघाले एकोणीस, 'नाही' अठरा. एक चिठ्ठी मला कुठल्या रकान्यात टाकावी ते कळेना. नाव लिहायचं नाही असं ठरलं होतं, पण पाचवीचं अक्षर मी ओळखते. ती गोलकीपरची होती.

त्यात लिहिलं होतं : 'घ्या. पण बाहेर बसावं लागेल हे त्याला आधीच सांगा. मला कुणी सांगितलं नव्हतं.'

चिठ्ठी मी दोनदा वाचली. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत आमच्या खेळाच्या सरांशी जरा बोलले.

आता तुमच्या घडी घातलेल्या कपट्या उघडा. पहिलं उत्तर बदललं का? आणि चौथ्या कराराचं तुमचं उत्तर काय? एका पोस्टकार्डावर मावेल एवढं लिहा, कारण नक्की लिहा, आणि आपल्या मासिकाच्या नव्हे, आपल्या साप्ताहिकाच्या पत्त्यावर पाठवा. दर वेळी निम्मी मुलं मासिक असं लिहितात! आई-बाबांची मतं वेगळी असतील तर तीही चालतील, पण अक्षर तुमचंच हवं. पुढच्या आठवड्यात आपण बघू, फ्री-किकच्या वेळी चेंडू हवेत वळतो कसा. घरात एखादा जुना प्लॅस्टिकचा चेंडू असेल तर शोधून ठेवा.